कपाटात वाळलेली फरसबी

ही गोष्ट एकोणीसशे एकसष्ट सालची. साल पक्कं आठवतं, कारण त्याच वर्षी माझं लग्नातलं कपाट माझ्या हातून गेलं आणि त्यात फरसबी राहायला आली.

सासरचं घर दुमजली होतं. खाली सुकवलेल्या भाज्यांची शेड, वर आमच्या खोल्या, आणि सगळ्यांच्या वर गच्ची. गच्ची म्हणजे सासूबाईंचं राज्य. कांदा, गाजर, कोबी, फरसबी, जे स्वस्त आणि ताजं मिळेल ते शेडमध्ये चिरायचं, वर नेऊन ट्रेमधल्या मलमलीवर पसरायचं आणि उन्हाच्या हवाली करायचं. वाळलं की डब्यात भरून वसतिगृहांना, इस्पितळांना आणि डोंगर चढायला जाणाऱ्या हौशी लोकांना पाठवायचं. सासरे गेल्यापासून सासूबाईंनी हा कारभार एकटीने चालवला होता. बाई उंचीने बेताच्या, पण आवाजाने दुमजली. गच्चीवर बोलल्या की शेडमधल्या बायका माना खाली घालायच्या.

आमचे हे म्हणजे त्यांचे धाकटे चिरंजीव. पंखे, इस्त्र्या, हीटर दुरुस्त करायचे. बंद पडलेली वस्तू दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा आणि चालू असलेली वस्तू उघडून बघणं हा छंद. त्यामुळे धंद्याला कधी तोटा पडला नाही. लग्नाला सहा महिने होतात न होतात तोच त्यांची नजर माझ्या कपाटावर गेली. लोखंडी, उंच, आरशाचं कपाट, माझ्या वडिलांनी दिलेलं. एका संध्याकाळी मी बाहेरून आले तर माझे कपडे पलंगावर आणि कपाटाच्या तळाशी हीटर, पाठीला भोक पाडून पंखा, खणांच्या जागी जाळीचे ट्रे.

"उन्हाची वाट बघणं हे काय काम झालं?" मला समजावत म्हणाले. "आता ढग येवोत नाहीतर रात्र होवो, भाजी वाळणारच. आणि तुझा एक खण ठेवलाय बरं का मी."

तेवढं औदार्य दाखवलं होतं खरं. सगळ्यात वरचा खण माझा. त्यात माझा लोकरीचा कोट आणि चार बरे कपडे. त्यानंतर वर्षभर मी कांद्याच्या वासाने सिनेमाला गेले. शेजारच्या खुर्च्यांवरची माणसं डोळे पुसायची आणि मला वाटायचं, सिनेमा करुण आहे.

सासूबाईंनी कपाट पाहिलं, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाल्या, "सूर्याला रिटायर केलंस का रे?"

तेव्हापासून घरात दोन पंथ झाले. उन्हाचा पंथ आणि कपाटाचा पंथ. जेवताना मीठ हवं असलं तरी आई आणि मुलगा एकमेकांना मागायचे नाहीत, माझ्यामार्फत मागायचे.

या भांडणात थोरल्या भाऊजींना मजा वाटत असे. माझे थोरले दीर विमा कंपनीत होते. समोरच्या माणसाकडे बघून तो किती टिकेल याचा अंदाज बांधायची त्यांना सवय लागली होती आणि शेडकडेही ते त्याच नजरेने बघायचे. "आई, आता बंद कर हे," दर भेटीला म्हणायचे. "गिऱ्हाईक कमी झालंय. तुझंही वय झालंय. शेड विकू, तू माझ्याकडे ये. चौथ्या मजल्यावर छान खोली आहे."

त्या खोलीला एक खिडकी होती आणि ती समोरच्या इमारतीच्या भिंतीत उघडायची. ऊन तिथे कधी आलंच तर वाट चुकून.

"तिथे येऊन काय करू?" सासूबाई म्हणायच्या. "मीच वाळेन. तेही सावलीत. रंग जाईल माझा."

अशात एक दिवस कप्तान आले. ते खरे कप्तान नव्हेत, एका बोट कंपनीचे मुख्य आचारी होते; पण टोपी अशी घालायचे की बोट यांच्याशिवाय हलत नसावी. खिशात पेनाच्या जागी चमचा. महिनोन्‌महिने समुद्रावर राहणाऱ्या खलाशांना भाजी खायला घालायची तर ती सुकवलेलीच लागते, आणि त्यांचा जुना पुरवठादार म्हातारपणाने धंदा सोडून गेला होता. कुणीतरी सासूबाईंचं नाव सांगितलं. ही मागणी मिळाली तर शेड चालणार, नाहीतर भाऊजींचा चौथा मजला, हे घरातल्या भिंतींनाही कळलं होतं.

सासूबाईंनी त्यांच्यापुढे उन्हातली फरसबी आणि गाजर ठेवलं. लगेच ह्यांनी शेजारी कपाटातली फरसबी ठेवली. कप्तानांनी दोन्हींकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "गरम पाणी आणा."

दोन वाडग्यांत दोन भाज्या भिजत घातल्या आणि ते हातांची घडी घालून बसले. "सुकलेली भाजी म्हणजे झोपलेला माणूस," म्हणाले. "झोपेत सगळेच देखणे दिसतात. उठवल्यावर काय बोलतो ते बघायचं."

उन्हातली फरसबी उठली ती तपकिरी होऊन. कप्तानांनी ती हुंगली. "गवत," म्हणाले. "आणि रंग दोरखंडाचा. बाई, बोटीवर दोर आहेत आमच्याकडे." गाजराचा तुकडा चमच्यावर घेऊन उजेडात धरला. भगवा रंग उन्हाने पिऊन टाकला होता, फिकट कागदासारखं झालं होतं. "पण चव आहे," ते तुकडा चावत म्हणाले. "अजून आहे. हात बरा आहे तुमचा."

सासूबाईंचा चेहरा अर्धा उजळला. ह्यांचा पूर्ण उजळला होता, कारण कपाटातली फरसबी हिरवी दिसत होती. कप्तानांनी ती चावली आणि खोलीत कट्टकन आवाज झाला. बाहेरून मऊ, आत लाकूड. "फार तापवलंत," म्हणाले. "बाहेरचं कातडं आधी कडक झालं, आतलं पाणी आतच कोंडलं. डबा दाखवा याचा."

आठवड्यापूर्वी भरलेला डबा ह्यांनी मोठ्या तोऱ्याने उघडला. आतल्या फरसबीला दाढी आली होती.

मी तोंडाला पदर लावला. हसू दाबायला काहीतरी लागतंच.

कप्तान उठले. "पुढच्या आठवड्यात बोट परत लागेल. एकदा अजून बघतो. चवीसाठी बघतो, ओळखीसाठी नाही."

ते गेल्यावर भाऊजी म्हणाले, "झालं ना आता? किती अपमान करून घेणार?"

सासूबाई ताठ उभ्या राहिल्या. "पुढच्या खेपेला नापास झालं तर मी आपणहून बोचकं बांधते. तुझ्या भिंतीकडे बघत बसेन मरेपर्यंत. पण पास झालं तर पुन्हा चौथ्या मजल्याचं नाव काढायचं नाही."

"कबूल," भाऊजी म्हणाले. त्यांच्या मते हा विमा मुदतीआधीच संपलेला होता.

त्या आठवड्यात आई आणि मुलगा यांनी माझ्यामार्फत बोलणंही बंद केलं. ताजी फरसबी आली. सासूबाई आपली वाटणी घेऊन गच्चीवर, हे आपली घेऊन कपाटापाशी. मोठ्या जाऊबाई रोज मदतीला यायला लागल्या. खरं तर याआधी त्या वर्षातून दोनदा यायच्या आणि खुर्चीच्या टोकावर बसायच्या. आता पदर खोचून शेंगांच्या शिरा काढत होत्या. मला वाटलं, बाई सासूबाईंचं सामान मोजायला येते.

एका सकाळी मी स्वयंपाकघरात शिरले तर चुलीवर मोठं पातेलं खदखदत होतं आणि त्यात चिरलेली फरसबी नाचत होती. मी बघते आहे तोवर समोरच्या दाराने सासूबाई आत आल्या. पातेलं पाहिलं, मला पाहिलं आणि त्यांनी तोंडाचा जो पट्टा सोडला तो मी आयुष्यात विसरणार नाही. मी ते पातेलं ठेवलेलंच नव्हतं, पण सांगायला फट मिळाली तर ना! बोलून झाल्यावर त्यांनी फडक्याने पातेलं उचललं, फरसबी चाळणीत उपडी केली, ती चाळणी गार पाण्याच्या बादलीत बुडवली आणि पुटपुटत निथळायला घेऊन गेल्या. टाकून देतील असं वाटलं होतं. पण भाजी टाकणं त्यांच्या रक्तात नव्हतं. ती गच्चीवरच गेली असणार.

मी चिडून खोलीत आले. बाहेर जायचं म्हणून कोट काढायला कपाट उघडलं तर आतून कांद्याची वाफ तोंडावर आली. आज मात्र हद्द झाली. मी खुर्ची आणून दाराला अडकवली आणि ह्यांना मोठ्याने सांगितलं, "हे दार आता बंद होणार नाही. माझा कोट हवेशीर राहील. नाहीतर तुमच्या फरसबीला माहेरी पाठवा."

"अगं, उष्णता बाहेर जाईल!"

"मीही जाईन."

दार उघडं राहिलं.

कप्तान ठरल्या दिवशी आले. ह्यांनी एक बशी पुढे केली. तुकडे हिरवे होते, पण चकचकीत नव्हते. जरा सुरकुतलेले, वजनाला हलके. भिजल्यावर मात्र ते असे फुगले, जणू आत्ताच वेलीवरून उतरले आहेत. कप्तानांनी एक खाल्ला. मग दुसरा खाल्ला. मग चमचा पुसून खिशात ठेवला आणि हाताने खायला लागले.

"हीच," म्हणाले. "अशीच. कशी केलीत?"

"कपाटात," हे म्हणाले.

"उन्हात," सासूबाई म्हणाल्या, त्याच क्षणी.

मग सासूबाई बशीवर वाकल्या. "अरे, ही तिरकी चीर माझी आहे! तू सरळ कापतोस, सुतारासारखी! ही माझी फरसबी आहे!"

"कपाटातून मी काढली, आई."

"वाऱ्याने माझा ट्रे उडाला म्हणून मी साऱ्या गल्लीला सांगत फिरले!"

"तुमचं घरात मिटवा," कप्तान टोपी घालत म्हणाले. "बोट दोन आठवड्यांनी सुटते. त्याआधी एक पोतं अशीच फरसबी हवी. मी पोत्यातली कुठलीही मूठ काढून भिजवून बघणार. तशी निघाली तर कायमची मागणी. नाही निघाली तर नमस्कार."

आनंद व्हायला हवा होता. झालाही, संध्याकाळपर्यंत. मग लक्षात आलं, की ही बशी कशी तयार झाली हे घरात कुणालाच माहीत नाही. ज्यांना थोडंथोडं माहीत होतं, ते बोलायला तयार नव्हते; आणि त्या पातेल्याचा या बशीशी काही संबंध असेल हे मला सुचलंच नाही.

ह्यांनी कपाटात एक घाणा काढला. लाकूड. सासूबाईंनी गच्चीवर काढला. दोरखंड. ह्यांनी दार उघडं ठेवून काढला, तर हिरवा राहिला पण वास गवताचा. सासूबाईंनी सावलीत वाळवून पाहिला, तो आंबला. दोघं एकमेकांच्या घाण्याकडे जाता-येता बघायचे आणि नाक मुरडायचे. बोट सुटायला चार दिवस राहिले तेव्हा भाऊजी दोरखंड आणि रिकामी खोकी घेऊन आले.

"आई, आधी कपडे बांधू की भांडी?"

सासूबाई शेडमधल्या लांब टेबलापाशी बसल्या होत्या. मी त्यांना गप्प बसलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं आणि मला ते मुळीच आवडलं नाही. भाऊजींनी एक खोकं टेबलावर ठेवलं, आणि जाऊबाईंना एकदम रडू फुटलं.

"मी उकळली होती!" त्या म्हणाल्या.

"काय?"

"फरसबी. मीच पातेलं ठेवलं. आमच्या घरी भाजी हिरवी राहावी म्हणून उकळत्या पाण्यात सोडा घालून बुचकळून काढतात. मी पाणी ठेवलं, सोडा घातला, फरसबी टाकली, तेवढ्यात आईंची पावलं ऐकली आणि मागच्या जिन्याने पळाले."

मी जागची उठलेच. "तुम्ही? ते सगळं मी तुमच्या वाटचं ऐकून घेतलं?"

"मला माहितेय गं. जिन्यात ऐकू येत होतं."

"पण तू कशाला यात पडलीस?" भाऊजींनी बायकोला विचारलं. "नापास झालं असतं तर आई आपल्याकडे..."

"म्हणूनच!" जाऊबाई म्हणाल्या आणि सासूबाईंकडे वळल्या. "आई, राग मानू नका. तुम्ही मला आवडता. इथे आवडता. चौथ्या मजल्यावर तुम्ही आणि मी राहिलो तर महिन्याभरात आपल्यातली एक खिडकीतून जाईल, आणि ती तुम्ही नसाल."

भाऊजींच्या हातातली दोरी खाली पडली. सासूबाईंनी सुनेला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हिला अक्कल आहे," म्हणाल्या. "इतकी वर्षं लपवून ठेवली होती."

बांध एकदा फुटला की फुटतोच. हे घसा खाकरून म्हणाले, "माझी फरसबी जळली होती. कोळसा झाला होता. मी ती शेजाऱ्यांच्या कचऱ्यात टाकली आणि आईचा ट्रे गच्चीवरून उचलून कपाटात ठेवला. जेमतेम पसरली होती तिने."

"चोर!" सासूबाई म्हणाल्या, पण त्यात नेहमीचा जोर नव्हता.

"म्हणजे," मी म्हटलं, "आधी उकळत्या पाण्यात बुचकळली, मग गार पाण्यात पडली, मग उघड्या दाराच्या कपाटात वाळली. तसंच करू या की!"

तसंच केलं. दुकानातून सोड्याचा नवा पुडा आणला. जाऊबाईंनी हाताने मूठभर घातला, तेव्हा घातला होता तसाच. फरसबी पाचूसारखी हिरवी झाली. आम्ही टाळ्या वाजवायच्या बेतात होतो. चाळणीत काढली तर तिचा लगदा. बोटाने उचलली तर बोटाला पाचू आणि चाळणीत शेंगेची कातडी.

भाऊजींनी हळूच दोरी उचलली, खोक्याभोवती गुंडाळली आणि पहिली गाठ मारली.

सासूबाई लगद्याकडे बघत होत्या. मग जाऊबाईंना म्हणाल्या, "त्या दिवशी सोडा कुठून घेतला होतास?"

"तुमच्या फळीवरच्या डब्यातून. वर सोडा लिहिलेल्या."

"मीठ होतं ते."

"अहो, पण डब्यावर..."

"डब्यावर काय वाट्टेल ते लिहिलेलं असतं! समोरची शेजारीण रोज वाटी घेऊन मीठ मागायला यायची. मीठ संपलं म्हटलं तर डबा उघडून बघायची, अशी अगोचर. म्हणून मी मीठ सोड्याच्या डब्यात ठेवते, साखर मोहरीच्या आणि मिठाच्या डब्यात रिकाम्या शिश्या. या घरातलं लिहिलेलं वाचून कुणी चालायचं नाही."

लग्न झाल्यापासून आमच्या चहात साखर कमी-जास्त का होते ते मला त्या दिवशी कळलं.

"म्हणजे मिठाचं उकळतं पाणी," हे म्हणाले. डोळे चमकायला लागले होते. "आणि किती वेळ? जास्त झालं तर शिजेल, कमी झालं तर गवताचा वास राहील. किती वेळ होती फरसबी पाण्यात?"

जाऊबाई म्हणाल्या, "मी टाकली आणि पळाले."

"मी आले आणि काढली," सासूबाई म्हणाल्या.

"काढायच्या आधी मला बोललात," मी म्हटलं.

"मग जेवढा वेळ बोलले तेवढा वेळ."

"म्हणजे किती? काय बोललीस ते सांग, आई. तेवढंच बोल पुन्हा, आम्ही फरसबी टाकतो."

"मला काय आठवतंय? मी काय शिव्या लिहून ठेवते? आल्या तशा दिल्या."

सगळे माझ्याकडे वळले. मला हसू आलं. शिव्या देणारा विसरतो, खाणारा कुठला विसरायला!

"मला पाठ आहेत," मी म्हटलं.

पातेलं पुन्हा चढलं. सोड्याच्या डब्यातलं मीठ पडलं. पाणी खदखदलं. जाऊबाईंनी फरसबी सोडली, आणि मी कमरेवर हात ठेवून सुरुवात केली.

"'कुणाच्या अकलेचा हा दिवा पेटलाय गं? फरसबी आहे का पायपुसणं, उकळायला? माझ्या सासूने उकळली नाही, तिच्या सासूने उकळली नाही, आणि काल या घरात आलेली ही महामाया भाज्यांना आंघोळी घालायला निघालीय...'"

"जरा सावकाश," सासूबाई मधेच म्हणाल्या. "मी इतकी भराभर नव्हते बोलले. महामाया म्हटल्यावर मी श्वास घेते."

"मग तुम्हीच म्हणा!"

"तू सांग, मी म्हणते."

आणि मग मी पुढचं वाक्य कुजबुजायची आणि त्या ते मोठ्याने म्हणायच्या. "'उकळून उरणार काय? सत्त्व मोरीला आणि चोथा आम्हाला!'" त्यांचा आवाज चढत गेला. गेले कित्येक दिवस तो आवाज घरात नव्हता. "'तो नवरा एक कपाटात शिरून बसलाय, ही पातेल्यात उडी घ्यायची बाकी आहे! मी मेले की मलाही उकळा, मग कपाटात घाला, वर पंखा सोडा आणि डब्यात भरून लेबल लावा: सासू, एक नग, भिजवल्याशिवाय वापरू नये! सर तिकडे, भाजी काढू दे, भाजीने काय पाप केलंय!'"

शेवटच्या शब्दाला जाऊबाईंनी पातेलं चाळणीत उपडं केलं आणि चाळणी गार पाण्यात गेली. फरसबी हिरवीगार, चावली तर किंचित कुरकुरीत. शिव्या मुळात मला पडल्या होत्या. पण म्हणताना सासूबाई सगळा वेळ थोरल्या सुनेकडे बघत होत्या, त्यामुळे हिशेब आपोआप चुकता झाला.

ट्रे कपाटात गेले, दार खुर्चीने उघडं ठेवलं. हे हीटरचा खटका फिरवायला वाकले, तशा सासूबाई म्हणाल्या, "इतका नको."

"आई, मी तेव्हाही इथवरच ठेवला होता."

"तू ठेवला होतास. मी जाता-येता कमी करायची."

"काय?"

"कपाट आल्या दिवसापासून. कधी साधलं तर कमी करायची, कधी नाही साधलं तर नाही. ज्या दिवशी मला जमत नसे त्या दिवशी तुझं लाकूड व्हायचं. हिने कपाटाचं दार अडकवून ठेवलं तेव्हापासून मात्र रोज जमलं, उघडंच होतं ना ते. भाजीला असं चटके देऊन वाळवतात का रे? तिला कळू न देता वाळवायचं. ऊन तसंच करतं."

"ऊन रंग खातं," हे म्हणाले.

"खातं," सासूबाई म्हणाल्या. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "तुझ्या कपाटात सावली आहे. तेवढं बरं आहे कपाट."

हे खुर्चीवरच बसले. पारितोषिक मिळालं असतं तरी त्यांचा चेहरा तसा झाला नसता.

सासूबाई उठल्या, टेबलावरच्या खोक्याची गाठ सोडली आणि दोरी भाऊजींच्या हातात दिली. "ही ने परत. आणि खोकी राहू देत, फरसबी भरायला लागतील."

पोतं वेळेवर भरलं. चार दिवस घरात सगळ्यांनी आळीपाळीने सासूबाईंच्या शिव्या म्हटल्या. भाऊजींनीसुद्धा, विम्याच्या माणसासारख्या, भावनाशून्य आवाजात, त्यामुळे त्यांचा घाणा जरा कच्चा राहिला. कप्तानांनी पोत्याच्या तळापर्यंत हात घालून मूठ काढली, भिजवली, खाल्ली. मग म्हणाले, "कोणती पद्धत?"

"घरगुती," सासूबाई म्हणाल्या.

कप्तान पुढे समुद्रावरून कायमचे उतरले आणि आमच्याच गल्लीत खोली घेऊन राहिले. शेवटपर्यंत ताजी भाजी घरात आणली नाही. म्हणायचे, जिला अजून कुणी वाळवून पाहिलं नाही तिचा भरवसा काय?

भाऊजींनी सासूबाई आणखी पाच वर्षं जगतील असा अंदाज बांधला होता. त्या त्यांच्यानंतर गेल्या. चौथ्या मजल्याचं नाव भाऊजींनी शब्दाला जागून पुन्हा काढलं नाही, फक्त सासूबाईंना खोकला झाला की खिडकीकडे बघायचे. जाऊबाई सुट्टीच्या दिवशी नेमाने यायच्या, सासूबाईंसाठी काहीतरी घेऊन. शाल, चष्म्याची दोरी, टॉनिक. सासूने ठणठणीत राहावं म्हणून इतकी झटणारी सून मी दुसरी पाहिली नाही. भाऊजी गेल्यावर त्या आमच्याकडेच राहायला आल्या आणि शेंगांच्या शिरा काढता काढताच म्हाताऱ्या झाल्या.

ह्यांनी त्या कपाटाचा पुढे लोखंडी बोगदा केला, शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तो जोरात चालायचा. चालू होता म्हणून ते तो अधूनमधून उघडून बघायचे. एका दुपारी बघता बघता गेले, हातात पाना होता. मी त्यांना पाना घेऊनच जाऊ दिलं.

सासूबाईंना जाताना कुणी उकळलं नाही, कपाटात घातलं नाही. शेवटच्या आजारात माझी मुलगी त्यांच्या खोलीत हीटर लावून गेली. मी थोड्या वेळाने डोकावले, तर बाई पलंगावरून हात लांबवून खटका कमी करत होत्या.

शेड आता मुलगी बघते. तिने भिंतीला मोठी घड्याळं लावली आहेत, सेकंदांची. तरी फरसबी पाण्यात पडली की बायका ओठांत म्हणतातच: कुणाच्या अकलेचा हा दिवा पेटलाय गं. घड्याळ मधे बंद पडतं, शिव्या पडत नाहीत. मागे एकीने महामायेनंतर श्वास घेतला नाही आणि घाण्याला गवताचा वास आला. तिला मी नीट शिकवलं.

कोट अजून आहे माझ्याकडे. मोठ्या नातीने एकदा थंडीत घातला होता. परत येऊन म्हणाली, "आजी, बसमध्ये शेजारचे काका रडत होते गं. काय झालं होतं कुणास ठाऊक!"